समुद्र घरी ठेवून कोकणात

मे महिन्यात दहा दिवस मालवणला जायचं ठरलं की घरातले बाकीचे लोक बॅगा भरतात आणि मी पाणी भरतो. समुद्र बघायला जाण्यासाठी आधी घरातल्या समुद्राची सोय लावावी लागते, हा विनोद घरच्यांना फार पूर्वीच सुचलेला आहे. दर वर्षी तो ताजा असल्यासारखा वाढला जातो.

घरातला समुद्र म्हणजे तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच काचेची टाकी, खालच्या कपाटात सम्प (वरच्या टाकीतून ओसंडलेलं पाणी जिथे उतरतं ती दुसरी टाकी) आणि दगड-वाळूची जागा वजा जाता दोन्हींत मिळून दोनशे लिटर खारं पाणी. त्यात क्लाउनफिशची जोडी, एक गोबी मासा, एक क्लीनर श्रिम्प म्हणजे कोळंबीचा भाऊबंद, काही टर्बो गोगलगायी आणि एक अ‍ॅनिमोन, म्हणजे फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी. हा शेवटचा प्राणी भाडं न देता मालकासारखा राहतो.

गोड्या पाण्याच्या टाकीवाल्यांना आमचं दुःख कळत नाही. त्यांची टाकी दहा दिवसांत चार बोटं उतरते, आल्यावर बादलीभर पाणी ओतलं की प्रकरण मिटतं. आमच्याकडे पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं. पुण्यातल्या कोरड्या मे महिन्यात एवढ्या टाकीतून रोज चारेक लिटर पाणी सहज उडतं. दहा दिवसांचे झाले चाळीस लिटर. म्हणजे हजारी पस्तीस भाग असलेला खारटपणा जवळजवळ चव्वेचाळीसवर जातो. पण तेवढा जायची वेळच येत नाही, कारण त्याआधी सम्पमधलं पाणी वर टाकीत ढकलणारा रिटर्न पंप मरतो. टाकीतली पातळी ओव्हरफ्लोमुळे तिथल्या तिथेच राहते. सगळी घट दिसते ती सम्पच्या शेवटच्या कप्प्यात. तो कप्पा तीस बाय तीस सेंटिमीटरचा असेल तर चार लिटर म्हणजे रोज साडेचार सेंटिमीटर. पाण्याची उंची वीस सेंटिमीटर असेल, तर आपण मालवणात तिसऱ्या दिवशीची सोलकढी पीत असताना घरी रिटर्न पंप हवा ओढायला लागतो.

म्हणून उडालेल्या पाण्याची भरपाई आपोआप करणारं यंत्र लागतं. याला आमच्यात एटीओ म्हणतात. सम्पमध्ये एक फ्लोट स्विच, शेजारी गोड्या पाण्याचा साठा, त्यात एक छोटा पंप. पातळी उतरली की स्विच पंपाला सांगतो, पंप थोडं पाणी टाकतो, पातळी आली की थांबतो. कागदावर हे इतकं सोपं दिसतं की विकत घेणारा माणूस डबा उघडल्याबरोबर सुटीची तिकिटं काढतो.

प्रत्यक्षात त्या स्विचवर गोगलगाय चढून बसते. तिला बाकी सगळी टाकी मोकळी असते, पण विश्रांतीला तीच जागा पसंत पडते. ती नसली तर स्विचच्या दांडीवर मिठाचे खडे जमतात आणि तो खालीच अडकतो. स्विच खाली म्हणजे पाणी कमी, पाणी कमी म्हणजे पंप चालू. चाळीस लिटरचा साठा एका दमात आत गेला तर खारटपणा पस्तीसवरून एकोणतीसपर्यंत येतो. तोही सम्पमध्ये चाळीस लिटरची जागा रिकामी असली तर. नसली की खारं पाणी जमिनीवर, तिथून खालच्या मजल्यावरच्या छतात आणि तिथून सोसायटीच्या ग्रुपवर.

यावर माझं मत ठाम आहे: महागडा सेन्सर घेण्याआधी साठा लहान करा. चाळीस लिटर एकदम जोडायचे नाहीत. वीस लिटरचे दोन जार भरायचे, एकच जोडायचा आणि दुसरा पाचव्या दिवशी शेजाऱ्यांनी बदलायचा. वीसच्या वीस लिटर आत गेले तरी खारटपणा बत्तिसाच्या आसपास थांबतो. मासे नाक मुरडतात, पण जगतात. शिवाय पंपाला डिजिटल टायमर लावायचा. पंप मिनिटाला किती पाणी फेकतो ते मापाच्या भांड्यात मोजायचं. लिटरभर फेकत असेल, तर सकाळी तीन मिनिटं आणि संध्याकाळी तीन मिनिटं वीज द्यायची. स्विच अडकला तरी दिवसाला सहा लिटरच्या वर पाणी जात नाही. साधा चकतीचा टायमर इथे कामाचा नाही. त्याची सगळ्यात लहान पायरी पंधरा मिनिटांची असते आणि वीज गेली की तो तेवढाच मागे पडतो. दिवे त्याच्यावर असतील तर दोन-चारदा वीज गेली की माशांची सकाळ दुपारी व्हायला लागते.

नळीचं टोक कुठे आहे हेही बघायचं. साठ्यातल्या पाण्याच्या पातळीपेक्षा ते खाली असेल, तर पंप बंद झाल्यावरही वक्रनलिकेच्या नियमाने पाणी वाहतच राहतं. शाळेत हा धडा आपण सगळ्यांनी दोन मार्कांसाठी पाठ केलेला असतो. टोक उंच बांधायचं, झालं. आणि पाणी आरओ-डीआयचंच, म्हणजे सगळे क्षार काढलेलं, टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं माप) शून्य दाखवणारं. स्वयंपाकघरातल्या प्युरिफायरचं पाणी माणसांसाठी असतं, त्यात क्षार शिल्लक ठेवलेले असतात. काही जण या साठ्यात चुन्याची निवळी वापरतात. ती उत्तम गोष्ट आहे, पण घरात माणूस असताना. तिचा सामू बाराच्या वर असतो. वीस लिटर निवळी एकदम गेली तर टाकी ताकासारखी पांढरी होते आणि आतले प्राणी राहत नाहीत.

आता वीज. आमच्याकडे गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते आणि दहा दिवसांच्या सुटीत एखाद-दुसरा गुरुवार येतोच. वीज गेल्यावर दोन गोष्टी होतात. पहिली लगेच होते: रिटर्न पंप थांबतो आणि टाकीतलं पाणी त्याच पाइपातून उलटं सम्पमध्ये उतरतं. ते थांबवायला पाइपाला पाण्याच्या पातळीशी एक बारीक भोक पाडलेलं असतं. त्यातून हवा शिरली की उलटा प्रवाह तुटतो. या भोकावर शेवाळ आणि चुनखडी जमते. जायच्या आधी त्यात टाचणी घालून ते साफ करायचं आणि मग सरळ बटण बंद करून सम्पसमोर बसायचं. पाणी कुठपर्यंत चढलं तिथे मार्करने रेघ मारायची. रेघेच्या वर चार बोटं जागा उरली नाही, तर सम्पमध्ये पाणी जास्त आहे.

दुसरी गोष्ट हळू होते: पाणी हललं नाही की त्यातला प्राणवायू संपत जातो. गरम पाण्यात तो मुळातच कमी असतो. म्हणून इन्व्हर्टरवर आधी काय घ्यायचं, तर पाणी हलवणारं यंत्र. रिटर्न पंप आणि वेव्हमेकर (टाकीतलं पाणी घुसळणारा पंखा) मिळून पन्नासेक वॉट. बारा व्होल्ट, दीडशे अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर अठराशे वॉट-तास देते. जुनी बॅटरी आणि वाया जाणारी वीज धरून निम्मे मोजले तरी अठरा तास निघतात. मात्र जाताना हॉलचा पंखा चालू राहिला तर हा हिशेब त्याच्यासोबत फिरतो. इन्व्हर्टर साइन वेव्हचा असावा. स्क्वेअर वेव्हवर साधे एसी पंप गुणगुणतात आणि तापतात. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर आहे का, हे बघायला कुणी सांगावं लागू नये, पण सांगतो.

रिटर्न पंप आणि वेव्हमेकर एकाच एक्स्टेंशनवर नकोत. मिठाच्या दमट हवेत प्लगवर पांढरी बुरशीसारखी साय येते, तिच्यातून विजेची गळती होते आणि आरसीसीबी, म्हणजे गळती दिसताच वीज तोडणारा स्विच, पडतो. तो घरभराला एकच असेल, तर एका ओल्या प्लगपायी टाकी आणि फ्रिज दोन्ही जातात. प्रत्येक वायरला प्लगच्या खाली झोळ द्यायचा, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी झोळाच्या तळाशी टपकतं, प्लगमध्ये शिरत नाही.

एवढं सगळं केल्यावरही सगळ्यात मोठा धोका उरतो आणि तो घरातच राहतो. मराठी कुटुंब गावाला निघताना गॅस बंद करतं, नळ तपासतं, देवापुढे हात जोडतं आणि मग कुणीतरी जबाबदार ज्येष्ठ व्यक्ती चपला घालता घालता मेन स्विच खाली ओढते. हे काम इतक्या शांतपणे होतं की लिफ्टपर्यंत कुणाला कळत नाही. यावर तांत्रिक उपाय नाही. मेन स्विचवर आडवी चिकटपट्टी लावायची, तिच्यावर ठळक अक्षरात ‘नाही’ एवढंच लिहायचं आणि कुलूप स्वतःच्या हाताने लावायचं.

बंद घर तापतं. चिलर पाणी सव्वीस अंशांवर ठेवतो म्हणजे पाण्यातली उष्णता काढून त्याच घरात सोडतो. खिडक्या गच्च बंद केल्या तर तो स्वतःच्याच उकाड्याशी झुंजत बसतो. चिलर कपाटाबाहेर काढायचा, पश्चिमेचा पडदा ओढायचा, जाळीची एक खिडकी किलकिली ठेवायची आणि तापमान एका अंशाने वाढवून सत्तावीसवर आणायचं. हिवाळ्यात जाणाऱ्यांनी एका मोठ्या हीटरऐवजी दोन लहान हीटर वेगळ्या कंट्रोलरवर लावावेत. हीटर बिघडताना पुष्कळदा चालू अवस्थेत अडकतो. एक लहान हीटर अडकला तर पाणी तापतं, मोठा अडकला तर रस्सा होतो.

स्किमरबद्दल थोडक्यात. तो फेस काढतो आणि कपात घाण जमवतो. काही हुशार लोक कपाला नळी लावून ती कॅनमध्ये सोडतात. सुटीत हे करू नये. स्किमर बिघडून पाणी फेकायला लागला तर खारं पाणी कॅनमध्ये जातं, सम्पची पातळी उतरते, एटीओ इमानदारीने गोडं पाणी टाकतो आणि दोन्ही यंत्रं मिळून टाकी नदी करून टाकतात. नळी बंद, कप धुतलेला, स्किमर घट्ट, कोरडा फेसच काढेल असा लावलेला. भरला तर उलटा सम्पमध्ये सांडेल, सांडू दे. फिल्टरची पिशवी काढून टाकायची, ती आठवड्याच्या आत तुंबते. वेव्हमेकरच्या तोंडावर स्पंज चढवायचा, कारण अ‍ॅनिमोनला फिरायची लहर आली तर तो पंख्यातून पलीकडे जाण्याचा प्रयत्न करतो. तो मेला की पाणी नासतं आणि मग एकटा तोच मरत नाही. झाकणाला जाळी हवीच. गोबी उडी मारून बाहेर येतो आणि पाल उडी मारून आत जाते.

राहता राहिलं खाणं. निरोगी मोठे मासे तीन-चार दिवस उपाशी राहिले तर त्यांना काही होत नाही, होतं ते आपल्याला. ऑटोफीडर टाकीच्या तोंडावर बसतो, खालून वाफ लागते, आणि दाण्यांचा लाडू होऊन भोक बुजतं. वापरायचाच असेल तर जाण्याआधी दोन आठवडे चालवून बघा. मला शेजारी बरे वाटतात, पण शेजाऱ्यांच्या हाती डबा द्यायचा नसतो. ‘बिचारे तोंड उघडून बघत होते’ हे वाक्य आणि पाव वाटी दाणे एकत्रच येतात. उरलेलं खाणं कुजतं, अमोनिया वाढतो. आजोबांच्या गोळ्यांची सात कप्प्यांची डबी मिळते ती घ्यायची, एकेका कप्प्यात एका वेळचे मोजके दाणे, एक दिवसाआड एक कप्पा. दहा दिवसांचे पाच कप्पे, उरलेले दोन रिकामे. मूळ डबा कपाटात, किल्ली आपल्यासोबत. गोठवलेली कोळंबी द्यायचा विचारही नको. शेजारच्या काकू शाकाहारी असतील तर त्यांच्या फ्रीजरमध्ये मटारशेजारी ती ठेवण्याइतके संबंध कुणाचेच चांगले नसतात.

शेजाऱ्यांना पानभर सूचना देणाऱ्यांना त्या सूचना कुणी वाचत नाही, हे माहीत नसतं. सम्पवर हिरवी पट्टी आणि लाल पट्टी लावायची. पाणी दोन्हींच्या मध्ये असेल तर काही करायचं नाही, नसेल तर फोन करायचा. तोंडी दोन गोष्टी मात्र सांगाव्याच लागतात. एक, वरून मीठ घालायचं नाही. खाऱ्या पाण्याची टाकी म्हटल्यावर ही मदत सुचणारी माणसं असतात. दुसरी, श्रिम्प कात टाकतो. पाय, मिशा, डोळ्यांच्या टोप्यांसकट अख्खी पारदर्शक कोळंबी वाळूवर आडवी पडलेली दिसते आणि खरी दगडामागे लपून नवं कवच कडक व्हायची वाट बघत असते. हे सांगितलेलं नसेल तर भर जेवणात फोन येतो, ‘दादा, तुमची एक गेली हो.’ रात्री अ‍ॅनिमोन पाणी सोडून मुठीएवढा होतो आणि क्लाउनफिश तिरका होऊन झोपतो, तेही त्याच फोनमध्ये येतं.

आणि शेवटच्या पंधरा दिवसांत टाकीत नवीन काही नको. नवा मासा नको, त्याच्यासोबत पांढऱ्या ठिपक्यांचा रोग येतो आणि तो आपण घाट उतरल्यावर फुलतो. नवा पंप नको. पाणी आठवडाभर आधी बदलायचं, म्हणजे काही बिनसलं तर दुरुस्तीला दिवस हातात राहतात. आदल्या रात्री काच घासायची खाज सुटते, ती दाबायची. निघायच्या दिवशी सकाळी दाणे टाकताना थांबवलेले पंप पुन्हा लावलेत ना, तेवढं बघायचं.

कॅमेरा लावायचा तर टाकीवर नको, सम्पवर लावा. मासे पोहताना बघून काहीच कळत नाही, पातळी बघून सगळं कळतं. राउटर इन्व्हर्टरवर नसेल तर वीज गेल्यावर, म्हणजे नेमकं बघायचं तेव्हाच, पडदा काळा होतो.

परत आल्यावर बॅगा दारातच ठेवून आधी रिफ्रॅक्टोमीटर काढायचा. खारटपणा अडतीस निघाला तर त्याच संध्याकाळी पस्तीसवर आणायचा नाही, दिवसाला एकेक करत उतरवायचा. आणि शेजाऱ्यांसाठी मालवणहून आणलेलं खाजं डबीचे उरलेले कप्पे मोजायच्या आधी द्यावं. पाचच्या पाच रिकामे झाले असतील तर उत्तम, रिकाम्या ठेवलेल्या दोन कप्प्यांतही चुरा दिसला तर ते कशाने भरले होते, हे खाजं तोंडात असताना विचारलं की खरं उत्तर मिळतं.