हरलेल्यांचे बिल्ले

परवा रविवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात, एका पथारीवर कुलपं आणि बंद पडलेल्या घड्याळांच्या ढिगात एक बिल्ला सापडला. पत्र्याचा, मागची पिन गंजून तुटलेली. वर शिलाई मशीन, खाली 'अपक्ष'. उमेदवाराचं नाव झिजून गेलंय, आडनावातलं शेवटचं 'कर' तेवढं वाचता येतं. काकांनी वीस रुपये मागितले. शेजारीच काँग्रेसच्या बैलजोडीचा बिल्ला होता, त्याचे पाचशे.

विधानसभेचे जुने बिल्ले मी पंधरा वर्षं गोळा करतोय. सुरुवात वडिलांच्या टेबलाच्या खणातून झाली : जनता पक्षाचा नांगरधारी शेतकरी, 1978 ची निवडणूक. बिल्ल्यावर साल बहुधा नसतं, ते चिन्हावरून काढावं लागतं. बैलजोडी काँग्रेसच्या 1969 च्या फुटीआधीची. हात 1978 पासूनचा. पणती म्हणजे जनसंघ, म्हणजे 1977 च्या आतला. झोपडी प्रजा समाजवाद्यांची, खटारा शेतकरी कामगार पक्षाचा. एवढं पाठ झालं की पक्षाचा बिल्ला बोलायला लागतो.

अपक्षाचा बोलत नाही. त्याचं चिन्ह त्या एका निवडणुकीपुरतं, आणि तेही माघारीची मुदत संपल्यावर हातात पडणार. तिथून मतदानापर्यंत कायद्याने किमान 20 दिवस असायचे, 1996 मध्ये ते 14 झाले. तेवढ्यात चिन्ह घेऊन छापखाना गाठायचा, पदरचे पैसे मोजायचे, बिल्ले करून घ्यायचे आणि गल्लीतल्या पोरांच्या शर्टाला लावायचे. निकाल लागला की ते कोण ठेवणार?

आपण संग्राहक मंडळी मोठ्या नेत्यांच्या बिल्ल्यांवर तुटून पडतो, हे मला पटत नाही. त्यांचे फोटो, भाषणं, चरित्रं सगळं जपलेलं आहे. या शिलाई मशीनवाल्याचं काय उरलंय? निवडणूक आयोगाच्या जुन्या अहवालांत पडलेल्या उमेदवारांचीही नावं आणि मतं असतात. दोन रात्री जागून कसबा, भवानी पेठ, शिवाजीनगर, पर्वतीच्या याद्या चाळल्या. पण पुण्यात 'कर'वाले किती! त्याला कुणीतरी मत दिलं असेल, बिल्ला लावून दारोदार फिरलं असेल, आणि मतदान केंद्रापासून शंभर मीटरवर तो काढून खिशात घातला असेल. कदाचित हाच.

घर आवरताना असे बिल्ले निघाले तर रद्दीवाल्याला देऊ नका. चिंच लावून घासूही नका, गंजाबरोबर छपाई निघून जाते. कोरड्या कापडाने पुसा, कागदात गुंडाळा, आणि कुणाचा, कुठल्या भागातला ते त्या कागदावर लिहून ठेवा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारायचं ते आजच विचारा.

आणि तुमचे वडील किंवा आजोबा पुण्यात शिलाई मशीन चिन्हावर विधानसभेला उभे असतील, आडनाव 'कर'ने संपत असेल, तर मला कळवा. बिल्ला तुमच्या घरी आणून देतो. मला फक्त त्यांचं पूर्ण नाव हवंय.