मालवाहू विमाने थिएटरांत वाटू नका

थिएटर कमांडच्या, म्हणजे एका भूभागातली तिन्ही सैन्यदले एकाच कमांडरच्या हाताखाली देण्याच्या, चर्चेत एक मागणी सध्या खूप फिरते आहे: वायुदलाची मालवाहू विमानेही थिएटर कमांडरांना कायमची वाटून द्या. दाखले तीन. अमेरिकेत तसेच आहे. १९४४ मध्ये इंफाळ वाचवायला आग्नेय आशियातल्या दोस्त फौजांचे सरसेनापती माउंटबॅटन यांना विमानांसाठी हात पसरावे लागले. आणि ऐन लढाईत दिल्लीच्या तोंडाकडे बघत बसायला वेळ नसतो.

अमेरिकेचा दाखला साफ चुकीचा आहे. जपानमधला योकोता, जर्मनीतला रामस्टाइन अशा तळांवर थोडी सी-१३० मालवाहू विमाने कायम असतात, पण लांब पल्ल्याच्या जड वाहतुकीची सूत्रे १९८७ मध्ये स्थापन झालेल्या ट्रान्सपोर्टेशन कमांडकडेच आहेत.

इंफाळचे मात्र नीट पाहायला हवे. मार्च १९४४ मध्ये जपानी फौजा ब्रह्मदेशातली चिंदविन नदी ओलांडून आल्या. चौदाव्या आर्मीचे सेनापती स्लिम यांना पाचवी भारतीय डिव्हिजन ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यावरील आराकानमधून तातडीने उचलून आणायची होती आणि विमाने अपुरी होती. हिमालयावरून चीनला रसद नेणारी अमेरिकी विमाने जवळच होती, पण माउंटबॅटनच्या हुकमाखाली नव्हती. १८ मार्चपर्यंत नकार आला नाही तर ती घेतो, असे त्यांनी वर कळवून टाकले. २० सी-४६ मालवाहू विमाने मिळाली. १९ तारखेपासून तोफा, जीपा, खेचरांसकट डिव्हिजन हलू लागली. एक ब्रिगेड दिमापूरला उतरून कोहिमाकडे गेली. त्याच दिवसांत मणिपूरमधल्या सांगशाकला पॅरा ब्रिगेडसोबत मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन जपान्यांना २६ मार्चपर्यंत थोपवून धरत होती. त्यांनी जिवावर उदार होऊन मिळवून दिलेला एकेक दिवस या उड्डाणांच्या कामी आला.

हात पसरावे लागले, कारण ती विमाने दुसऱ्या मोहिमेच्या नावावर बांधलेली होती. आज वाटप केले तर नेमकी हीच अडचण आपण कायमची करून ठेवू. पुढे भूमध्य समुद्राच्या आघाडीवरूनही विमाने आली, म्हणून वेढ्यातल्या इंफाळला रसद पुरली. उलटेही घडले: डिसेंबरमध्ये चीनची आघाडी कोसळू लागली आणि स्लिमची ७५ डकोटा मालवाहू विमाने एका पहाटे तिकडे गेली. स्लिमच्या मोहिमेचे मोठे नुकसान झाले, तरी त्या घडीला गरज चीनची मोठी होती.

आता आपला हिशेब. सी-१७ ही जड मालवाहू विमाने आहेत ११, आणि त्यांचे उत्पादन बंद झाले आहे. तीन थिएटरांत वाटली तर प्रत्येकी तीन-चार; त्यातले एखादे दुरुस्तीला. गलवाननंतर ६८ हजारांवर जवान, ९० रणगाडे लडाखला हवाई मार्गे गेले. एका थिएटरच्या वाट्यातून हे झाले असते का?

उशिराची तक्रार मात्र रास्त आहे. १९४४ मध्येही पाचेक दिवस गेलेच. म्हणून एएन-३२ सारखी रोजच्या रसदीची विमाने खुशाल थिएटरकडे द्या. सी-१७ आणि आयएल-७६ ही जड विमाने एकाच हाती ठेवा. दोन थिएटरांनी एकाच वेळी मागणी केली तर कौल कोण देणार आणि किती तासांत, हे शांततेच्या काळातच लेखी ठरवा.