भरघोस हायड्रॉक्सिल रॅडिकल कसे मोजावेत

पंप बसवला, व्हेंचुरी (मध्येच गळ्यासारखी अरुंद होणारी नळी) लावली, टाकी भरली, काचेच्या नळीत पांढरट ढगही दिसू लागला. हायड्रोडायनॅमिक कॅव्हिटेशनने, म्हणजे वाहत्या पाण्यात बुडबुडे उठवून ते कोसळवण्याने, सांडपाणी शुद्ध करण्याच्या कामात तुम्ही जवळजवळ जिंकलातच. आता फक्त एक आकडा हवा: बुडबुड्यांतून हायड्रॉक्सिल रॅडिकल, म्हणजे पाण्याचा रेणू फुटून निघणारे आक्रमक तुकडे, किती निघतात? आकड्याशिवाय शोधनिबंध छापून येत नाही आणि यंत्रही खपत नाही. तेव्हा आकडा खरा किती येईल याची चिंता सोडा. मोठा कसा येईल ते पाहू.

सिद्धांत निर्धास्तपणे सांगा, तो पक्का आहे. व्हेंचुरीच्या गळ्यात पाण्याचा वेग वाढतो, दाब बाष्पदाबाच्या खाली जातो, पोकळ्या तयार होतात आणि पुढे दाब सावरला की त्या कोसळतात. कोसळताना आत क्षणभर हजारो केल्विन तापमान आणि शेकडो वातावरणांचा दाब होतो, पाण्याचा रेणू फुटतो. कोसळत्या पोकळीचं गणित लॉर्ड रेली यांनी १९१७ सालीच मांडलं होतं. तेव्हा लोकांना चिंता जहाजांच्या पंख्यांच्या झिजेची होती. तुमच्या व्हेंचुरीचीही झीज होणारच आहे, पण तो विषय प्रस्तावनेत काढू नये.

अडचण अशी की हा रॅडिकल पाण्यात मायक्रोसेकंदभरसुद्धा टिकत नाही. समोर येईल त्याच्यावर तुटून पडतो आणि संपतो. म्हणून तो थेट हाती लागत नाही. त्याने केलेला गुन्हा तेवढा मोजायचा. आता गुन्हा कोणाचा आणि नाव कोणाच्या माथी, हे ठरवणं तुमच्याच हातात आहे. इतकी सोय दुसऱ्या कुठल्या मोजमापात मिळते?

सगळ्यात सोयीचा पोटॅशियम आयोडाइड. रॅडिकल आयोडाइडचं ऑक्सिडीकरण करतो, ट्रायआयोडाइड तयार होतं, पाणी पिवळसर दिसतं आणि ३५० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाशाचं शोषण मोजलं की झालं. आयोडाइडचं आणखी एक मोठेपण म्हणजे ते कोणालाही नाही म्हणत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड, आम्लधर्मी पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, खिडकीतून येणारा प्रकाश, सगळ्यांकडून ते थोडंथोडं आयोडीन करून घेतं. हे सगळं रॅडिकलच्या खात्यावर जमा करा. एवढ्यावर भागलं नाही तर थोडं कार्बन टेट्राक्लोराइड टाका. वाइस्लर आणि सहकाऱ्यांनी १९५० साली अल्ट्रासाऊंडमध्ये हेच केलं होतं. त्यातून सुटणारं क्लोरीन आयोडाइडवर तुटून पडतं आणि पिवळेपणा झपाट्याने वाढतो. त्यांनी ते लपवलं नव्हतं, तुम्ही एका ओळीत उरकू शकता. पाणी शुद्ध करायच्या यंत्रात मुद्दाम विषारी द्रव्य घालण्यातली गंमत बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

नमुना काढल्यावर घाई करा. कॅव्हिटेशनमधून नुकतंच बाहेर आलेलं पाणी बारीक बुडबुड्यांनी भरलेलं असतं. क्युव्हेटमध्ये (मोजणीच्या छोट्या पारदर्शक डबीत) ओतलं की बुडबुडे भिंतीला चिकटून बसतात, उजेड विखुरतात आणि शोषण मोजणारा स्पेक्ट्रोफोटोमीटर त्याला बिचारा शोषण समजतो. ट्रायआयोडाइडचा मोलर शोषणांक साधारण २६,००० आहे, म्हणजे १ मायक्रोमोलर द्रावणाला एक सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये ०.०२६ रीडिंग येतं. चिकटलेल्या बुडबुड्यांनी ०.०२ चं दान दिलं, तरी एका आयोडीनमागे दोन रॅडिकल धरून दीड मायक्रोमोलर रॅडिकल फुकटात पदरात पडतात. क्युव्हेटला टिचकी मारून दोन मिनिटं थांबणारे विद्यार्थी प्रयोगशाळेत असतात. त्यांना दुसरं काम द्या.

ब्लँक, म्हणजे तुलनेचा कोरा नमुना, घ्यायचाच झाला तर साध्या पाण्याचा घ्या. व्हेंचुरी काढून नुसता पंप तेवढाच वेळ फिरवायचा, हे कोणी सुचवलं तर विषय बदला. कारण मग कळतं की पंपाच्या पंख्यातही कॅव्हिटेशन होतं. शिवाय पंप बिडाचा असेल तर त्याचं लोखंड पाण्यात उतरतं. लोखंड आणि पेरॉक्साइड एकत्र आले की बुडबुड्यांशिवायही जोरदार ऑक्सिडीकरण होतं, हे रसायनशास्त्रज्ञ फेंटन यांनी १८९४ सालीच दाखवलं आहे. म्हणजे तुमच्या आकड्यातला एक वाटा पंप स्वतः विरघळून देत असतो. अशा निष्ठावान सेवकाची चौकशी लावणं बरं दिसत नाही.

तापमान नियंत्रित ठेवलं असं लिहा. टाकीत पाणी २० लिटर, पंप १.५ किलोवॉटचा, तासभर फिरवला. थंड पाण्याची गुंडाळी नसेल तर मोटारीतला अपव्यय वजा करूनही पाणी चाळीसेक अंशांनी तापतं. तापलं की बुडबुड्यात वाफ जास्त भरते आणि कोसळणं मवाळ होतं, आयोडीन उडून जातं, आणि बाकीच्या बिनबुडबुड्याच्या अभिक्रिया मात्र जोरात चालतात. यातलं काय कुठे गेलं हे कोणालाच सांगता येत नाही, त्यामुळे तुम्हालाही कोणी विचारणार नाही.

काहींना रंग आवडतो. मिथिलीन ब्लू घ्या, पाणी निळ्याचं पांढरं होतं, छायाचित्र झकास येतं. थोडा रंग नळ्यांना चिकटतो, थोडा क्षपण होऊन रंगहीन रूपात जातो आणि हवा लागली की पुन्हा निळा होतो, म्हणून छायाचित्र लगेच काढा. सीओडीच्या, म्हणजे डायक्रोमेट किती खर्च होतं त्यावरून पाण्यातली घाण मोजायच्या चाचणीच्या, वाटेला जाऊ नका. रंग गेला तरी रेणूचे तुकडे पाण्यातच असतात, आणि उरलेलं पेरॉक्साइड डायक्रोमेट खाऊन सीओडी वर दाखवतं. प्रक्रियेनंतर पाणी जास्त घाण निघालं, असा आलेख कोणाला हवा आहे?

टेरेफ्थॅलिक आम्ल ही जरा सज्जनांची पद्धत आहे. रॅडिकल लागला की एकच चमकणारं संयुग तयार होतं आणि त्याची चमक ४२५ नॅनोमीटरला दिसते. आयोडाइडइतकं ते भोळं नाही, एवढाच त्याचा दोष. पण इथेही मार्ग आहे. प्रत्येक रॅडिकलमागे चमकणारं संयुग मिळत नाही. विकिरणाच्या प्रयोगांतून आलेला ३५ टक्क्यांचा आकडा त्यासाठी वापरतात. त्याने भागायला कधीही विसरू नका. एरवी दुरुस्त्यांचा कंटाळा करणारी माणसंही ही दुरुस्ती मन लावून करतात.

मात्र एकाच यंत्रावर दोन पद्धती वापरू नका. आकडे जुळणार नाहीत. बरेचसे रॅडिकल बुडबुड्याच्या काठावरच जोडीने पेरॉक्साइड होऊन जातात, बाहेर मोजकेच पोचतात, आणि प्रत्येक डोसिमीटर (रॅडिकल टिपणारं मापक रसायन) आपापल्या जागी उभा राहून दिसेल तेवढंच मोजतो. तृतीयक ब्यूटॅनॉल घालून रॅडिकल गिळून टाकले तर सिग्नल किती उतरतो, ही तपासणीही टाळा. न उतरला तर पंचाईत.

ऊर्जेचा हिशेब तर मांडूच नका, आम्ही गुपचूप मांडून बघतो. तोच पंप, तीच टाकी, तासाभरात समजा ५ मायक्रोमोलर ट्रायआयोडाइड मिळालं. म्हणजे २० लिटरमध्ये १०० मायक्रोमोल, म्हणजे रॅडिकल २०० मायक्रोमोल, वजनात ३.४ मिलिग्रॅम. त्यासाठी लागली दीड युनिट वीज. घनमीटरला ७५ युनिट. या दोन ओळी एकाच पानावर येऊ देऊ नयेत. म्हणून आलेखाच्या उभ्या अक्षावर ‘सापेक्ष उत्पादन’ लिहा आणि पहिल्या मिनिटाच्या रीडिंगला १ माना.

राहता राहिलं सांडपाणी. शीर्षकात ते असू द्या, टाकीत नको. खऱ्या सांडपाण्यात बायकार्बोनेट असतं, क्लोराइड असतं, सेंद्रिय द्रव्यांची तर रेलचेल. तुमच्या डोसिमीटरच्या आधी तीच रॅडिकल गट्ट करतात आणि पाण्याचा रंग उरलीसुरली चमक शोषतो. टेरेफ्थॅलिक आम्ल विरघळायला अल्क लागतो, त्यामुळे पीएच वेगळा, पाणी ऊर्ध्वपातित, क्षार नाहीत, गाळ नाही. अशा पाण्यात तुमचं यंत्र अप्रतिम चालतं. एखादा कारखानदार काळ्याकुट्ट पाण्याचा ड्रम घेऊन दारात आलाच तर गडबडू नका. थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड आणि चिमूटभर फेरस सल्फेट ओता, पीएच ३ वर आणा आणि याला ‘संकरित कॅव्हिटेशन’ म्हणा. पाणी निवळेल. पंप बंद ठेवून तेच औषध दुसऱ्या बादलीत घालून बघू या, असं तो म्हणाला तर पंपाच्या आवाजात ऐकू आलं नाही असं दाखवा.