जागा शुल्काने नाही, परीक्षकाने राखली जाते: प्रतीक्षा यादीबद्दलच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार मॅडम,

आमच्या नोंदणी ॲपला एक तारा देऊन तुम्ही शालेय वादविवाद स्पर्धेच्या नोंदणीबद्दल चार तक्रारी मांडल्या आहेत. पहिल्याच दिवशी फॉर्म आणि शुल्क भरूनही दोन्ही संघ प्रतीक्षा यादीत राहिले आणि नंतर आलेल्या शाळेला आधी जागा मिळाली. आजारी विद्यार्थिनीचं नाव बदलायला गेल्यावर जागाच गेली. परीक्षक न आल्याचा दंड लागला. आणि फॉर्म फार लांब आहे. तुमच्या शाळेचा तपशील इथे उघड लिहीत नाही, पण चारही गोष्टींमागचं कारण सांगणं आमचं काम आहे. संघ घेऊन येणाऱ्या इतर शिक्षकांनाही ते उपयोगी पडेल.

वादविवादाच्या ब्रिटिश पार्लमेंटरी पद्धतीत एका खोलीत, म्हणजे एका सामन्यात, ४ संघ असतात, प्रत्येक संघात २ वक्ते. त्यामुळे संघांच्या एकूण संख्येला ४ ने भाग जावा लागतो. २४ संघ म्हणजे ६ खोल्या. पंचविसावा संघ आला की त्याच्यासाठी खोली उघडता येत नाही, आणखी तीन संघ लागतात. म्हणूनच कोणी माघार घेतली नाही तर प्रतीक्षा यादी एकेका संघाने पुढे सरकत नाही, चारचारने सरकते. शिवाय नव्या खोलीला निदान एक अनुभवी मुख्य परीक्षक आणि शक्यतो एक सहपरीक्षक हवा. या स्पर्धेत आयोजकांची अट दर २ संघांमागे १ परीक्षक अशी होती. २४ संघांचे १२ परीक्षक, म्हणजे खोलीमागे दोघं. एका शाळेचा एक परीक्षक कमी पडला तरी कुठल्या तरी खोलीत एकटा माणूस चार संघांचा क्रम लावत बसतो, आणि तो नवखा असेल तर त्या खोलीतल्या आठही मुलांवर अन्याय होतो.

म्हणून संघ निश्चित होतो तो परीक्षकाचं नाव आणि ईमेल भरल्यावर. शुल्काची पावती ही फक्त शुल्काची पावती असते. जागा मिळाली नाही तर ते पूर्ण परत जातं. परीक्षकाचा रकाना ‘नंतर कळवू’ असा सोडलेला फॉर्म पहिल्या मिनिटाला आला तरी परीक्षकासह आलेल्या फॉर्मच्या मागे राहतो. ही ओळ फॉर्मच्या सुरुवातीलाच आहे, आणि ती तिथेच राहायला हवी असं आमचं ठाम मत आहे. अट सैल केली तर मुलं येतात, खोल्या उघडतात आणि परीक्षकच नसतात.

नावबदलाचं सांगते. आजारपण कुणाच्या हातात नसतं, त्यामुळे बदलाची सोय पहिल्या फेरीची सोडत (कोणता संघ कोणत्या खोलीत, याची यादी) लागेपर्यंत खुली असते. मात्र तो ‘वक्ता बदला’ या बटणाने करायचा. अनेक शिक्षक घाईत आख्खा संघ काढून टाकतात आणि नव्याने नोंदवतात. त्यात नोंदणीची जुनी वेळ पुसली जाते आणि नवी नोंद रांगेच्या शेवटी जाते. सोडत लागल्यावर मात्र नाव बदलत नाही, कारण गुण संघाला मिळतात तसे प्रत्येक वक्त्यालाही मिळतात आणि उत्कृष्ट वक्त्यांची यादी त्यावरच ठरते. नाव मध्येच बदललं तर एकीचे गुण दुसरीच्या नावावर जातात.

दंड आयोजक ठरवतात, आम्ही फक्त नोंद ठेवतो. तरी तो का असतो हे आम्हाला पटतं. परीक्षकाला स्वतःच्या शाळेचा किंवा आपण शिकवलेल्या मुलांचा संघ असलेल्या खोलीत बसवता येत नाही. ६ खोल्यांच्या स्पर्धेत एखाद्या शाळेचे ४ संघ चार वेगळ्या खोल्यांत गेले, तर त्या शाळेच्या परीक्षकांसाठी उरतात फक्त २ खोल्या. अशा ताणलेल्या जुळवणीत सकाळी एक जण आला नाही तर दोन-तीन खोल्यांची मांडणी पुन्हा करावी लागते आणि फेरी उशिरा सुरू होते. आदल्या संध्याकाळी कळवलं असतं तर राखीव परीक्षक बोलावता आला असता. संघाच्या माघारीचंही तसंच: सोडतीआधी कळली तर प्रतीक्षेतला संघ आत येतो, नंतर कळली तर आयोजकांना बदली संघ बसवावा लागतो, जो बाद फेरीसाठी पात्र नसतो.

फॉर्म लांब आहे, हे खरं. पालकांचं संमतिपत्र वगळता येत नाही, मुलं अल्पवयीन असतात. शाळेचं नाव यादीतूनच निवडायला लावतो, कारण दोन शिक्षकांनी एकाच शाळेचं नाव दोन तऱ्हांनी लिहिलं की संगणक त्या दोन शाळा समजतो. मग एकाच शाळेचे संघ समोरासमोर येतात, कधी त्यांच्याच शिक्षिका परीक्षक म्हणून बसतात, आणि निकाल लागल्यावर वाद होतो.

पुढच्या वेळी फॉर्म उघडण्याआधी परीक्षकाला सर्व फेऱ्यांसाठी वेळ आहे का ते विचारून घ्या. ‘दुपारपर्यंतच थांबेन’ असं असेल तर तेही लिहा, तशी जुळवणी करता येते. परीक्षक नवखे पालक असतील तर ‘पहिल्यांदाच’ यावर खूण करा, त्यांना सहपरीक्षक म्हणून बसवलं जातं. दोन संघांमागे एक राखीव विद्यार्थी आधीच नोंदवा, त्याचं वेगळं शुल्क नाही.

तुमचा नोंदणी क्रमांक ॲपमधल्या मदत विभागात पाठवलात तर कोणता बदल कोणत्या वेळी झाला याची पूर्ण नोंद तुम्हाला पाठवते. परीक्षकाची अडचण वेळेत कळवल्याचं त्यात दिसलं, तर तीच नोंद आयोजकांपुढे ठेवून दंड माफ करण्याची विनंती करता येईल.

— संचालिका, नोंदणी सेवा