दुबईला निघालात? मग दसरा करूनच जा

नोकरीचा व्हिसा आला ना, मग आता घाई कसली. गणपती सोडून जायचं म्हटलं तर आई आठ दिवस बोलणार नाही, म्हणून गणपती करा. विसर्जन झालं की बॅग काढा, तेवढ्यात काका पडवीतून ओरडतील की पितृपक्षात कुठे निघालास रे, मग घट बसले, घटात कोण घर सोडतं, आणि नवरात्र काढलंत तर दसऱ्याचं सोनं वाटल्याशिवाय कसं जाणार. तिकीट काय, पुढे ढकलता येतं.

१ एप्रिलपासून गावातच असाल तर २९ सप्टेंबरला भारतातले १८२ दिवस भरतात. भरूदेत. १८२ भरले की त्या वर्षापुरते तुम्ही इनकम टॅक्सच्या भाषेत रेसिडेंट, म्हणजे ऑक्टोबर ते मार्च दुबईत मिळालेला पगारसुद्धा इकडच्या रिटर्नमध्ये दाखवायचा. हे सगळं कलम ६ मध्ये आहे म्हणे, पण आपल्याकडे कलम म्हणजे हापूसचं, त्याला मोहोर येतो, याला नोटीस येते. आणि तिकडे पगारावर टॅक्सच नाही तर इकडे कसा लागेल, असं एसटी स्टँडवरचा चहावाला छातीठोक सांगतो, तो नऊ वर्षं कुवेतला होता (एसी दुरुस्तीला, पण होता ना).

बँकेला तर काही कळवूच नका. जुनं सेव्हिंग खातं तसंच राहूदे, एटीएम कार्ड वहिनीकडे आणि पिन कॅलेंडरच्या मागे लिहिलेला. बाहेर नोकरीला गेलं की ते खातं एनआरओ (बाहेर राहणाऱ्याचं इथल्या कमाईचं खातं) करून घ्यायचं असतं, परकीय चलनाचा फेमा कायदा तसं सांगतो, पण फेमा काय आपल्या वाडीतला आहे? एनआरई (तिकडची कमाई ठेवायचं खातं) च्या एफडीवरचं व्याज इथे टॅक्स फ्री आणि एनआरओच्या व्याजावर ३० टक्के टीडीएस (हातात यायच्या आधीच कापलेला टॅक्स), वर सेस (टॅक्सवरचा जादा टॅक्स), पण दोन्हीत एन आणि आर आहेतच की, फॉर्मवर पहिला चौकोन दिसेल त्यावर टिक मारा.

बजेटात १२ लाखांपर्यंत शून्य टॅक्स ऐकलंत तेव्हा टाळ्या वाजवल्यात ना? वाजवायच्याच. ती सूट फक्त रेसिडेंटला आहे, एनआरआयला नाही, हे सांगून कोणाचा मूड कशाला घालवा.

रत्नागिरीतला जुना फ्लॅट विकायचा असेल तर घेणाऱ्याला मी इथेच असतो असं सांगा. खरं सांगितलंत तर त्याला साडेबारा टक्के अधिक सेस असा टीडीएस कापावा लागतो, तो बहुतेक वेळा नफ्यावर नाही तर अख्ख्या रकमेवर कापतात, आणि कमी कापायचं सर्टिफिकेट व्यवहाराच्या आधी काढायचं असतं. आमच्या चुलतभावाने ते रजिस्ट्रेशन झाल्यावर विचारलं. आता रिफंडची वाट बघतोय, मे महिन्यात आला की पहिला प्रश्न तोच.

आणि नोटिसीला तर घाबरूच नका, ती हल्ली ईमेलवर येते. पॅनकार्डाच्या वेळी तुमचा ईमेल बाजारातल्या सायबर कॅफेवाल्या पोराने काढून दिला होता, पासवर्ड त्यालाच माहीत, आणि तो पोरगा आता मस्कतला असतो.