रक्ताला ऊन दाखवायचं?

परवा मावशीने एक व्हिडिओ पाठवला. हातातून रक्त काढायचं, नळीतून अल्ट्राव्हायोलेट लाइटसमोरून न्यायचं आणि परत त्याच माणसाला चढवायचं. खाली लिहिलेलं, 'स्वतःचंच रक्त, झिरो साइड इफेक्ट'. तिचा प्रश्न सरळ होता, गुडघ्यासाठी करून बघू का रे?

'भंपकपणा आहे' असं टाइप केलं आणि खोडलं. कारण माझी लेक जन्मली तेव्हा कावीळ म्हणून दोन दिवस डोळ्यांवर पट्टी बांधून निळ्या लाइटखाली होती आणि मी काचेबाहेर उभा राहून रडायचा बाकी होतो. तिथे तरी औषध कुठे होतं? तिच्याच तांबड्या पेशी फुटून झालेलं बिलिरुबिन, म्हणजे कावीळीचं ते पिवळं द्रव्य, तो निळा प्रकाश शोषतं, रेणूचा आकार बदलतो आणि लिव्हरने प्रोसेस न करताही ते बाहेर पडू शकतं, बस. हे सुचलं कसं तर १९५० च्या दशकात इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या हॉस्पिटलात सिस्टर जीन वॉर्ड बाळांना उन्हात न्यायच्या, आणि एका बाळाचा चादरीने झाकलेला भाग तेवढा पिवळाधमक राहिलेला दिसला. १९५८ ला लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये पेपर आला.

बरं, रक्त बाहेर काढून लाइट दाखवणं हेही खोटं नाही!! फोटोफेरेसिसमध्ये पेशंटच्या पांढऱ्या पेशी वेगळ्या काढतात, त्यात सोरॅलेन नावाचं प्रकाशाने जागं होणारं औषध घालतात, यूव्हीए (अल्ट्राव्हायोलेटचाच एक प्रकार) देतात आणि परत सोडतात. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या रिचर्ड एडेलसन यांनी १९८७ मध्ये त्वचेच्या एका लिम्फोमावर (पांढऱ्या पेशींच्या कॅन्सरवर) रिझल्ट छापले, ३७ पैकी २७ जणांना फरक पडला, पुढच्याच वर्षी अमेरिकेत मान्यता. ऐकायला व्हिडिओपेक्षा जास्तच विचित्र आहे हे.

म्हणजे 'विचित्र वाटतं म्हणून खोटं' हा माझा नेहमीचा हिशेब इथे चालत नाही. पण व्हिडिओवाली आयडियाही नवी नाहीये, एमेट नॉट नावाच्या अमेरिकन माणसाने १९२८ मध्येच तिचं पेटंट घेतलेलं, १९४० च्या दशकात तिकडच्या हॉस्पिटलांत इन्फेक्शनसाठी ती जोरात होती, मग अँटिबायोटिक्स आली आणि ती मागे पडली. आता तेच मशीन गुडघा, थकवा, शुगर सगळ्यालाच चालतं म्हणे. इथे माझी सटकते. लेकीच्या केसमध्ये प्रकाश कोण पकडतं, त्याचं काय होतं, ते कुठून बाहेर जातं, सगळं सांगता येतं आणि रोज रक्त तपासून आकडा उतरताना दिसतो. इथे कोणता आकडा बघायचा?

आणि ते 'स्वतःचंच आहे' प्रकरण. पॉर्फिरिन आपलंच, हिमोग्लोबिनमधलं हीम बनताना तयार होणारं. पण पॉर्फिरिया नावाच्या आजाराच्या काही प्रकारांत ते साठतं आणि त्या माणसाला साधं ऊन लागलं तरी कातडी भाजल्यासारखी होते, काहींना फोड येतात. स्वतःचाच पदार्थ आणि फुकटचा सूर्य, घ्या झिरो साइड इफेक्ट. (याच पॉर्फिरिनचा वापर करून डॉक्टर त्वचेवरचे प्री-कॅन्सर डाग लाल किंवा निळ्या प्रकाशाने जाळतात, पण तिथेही जळजळ होणार हे आधीच सांगतात.)

मावशीला एवढंच म्हटलं, त्यांना विचार, माझ्या रक्तातलं नक्की काय तो लाइट शोषून घेणार आणि गुडघ्यापर्यंत काय पोचणार. तिने विचारलं. उत्तरात दहा सिटिंगचं पॅकेज आलंय.