कुरकुरत्या डिस्कचे शेवटचे लाड

हार्ड डिस्कमधून टक्-टक् ऐकू येतंय? घाबरू नका. डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते, त्या स्मार्टच्या यादीत ‘करंट पेंडिंग सेक्टर’चा, म्हणजे वाचताना अडलेल्या तुकड्यांचा, आकडा काल 8 होता, आज 312 झालाय? वाढ म्हणजे प्रगतीच की. पीसी बंद करा, चालू करा, पुन्हा बंद करा. डेटा वाचणारं बिचारं हेड दर वेळी नव्यानं चाचपडत फिरेल. तेवढाच त्याला व्यायाम.

मग विंडोजची डिस्क-तपासणी, चेकडिस्क चालवा, तीही खराब जागा शोधायला लावणारं ‘/आर’ लावूनच. ती डिस्कचा कोपरान् कोपरा वाचते आणि वर दुरुस्त्याही त्याच डिस्कवर लिहिते. धाप लागलेल्याला जिना चढायला लावायचा तो असा.

काही किरकिरी मंडळी म्हणतील, आधी इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल एका फाइलमध्ये, घ्या. त्यांचं ते ग्नू डीडीरेस्क्यू नावाचं नक्कल काढणारं सॉफ्टवेअर सुखासुखी वाचता येणारा भाग आधी उचलतं, अडलेल्या जागा मागे ठेवतं आणि शेवटी त्यांच्याकडे वळतं. कुठवर आलो हे मॅपफाइलमध्ये टिपून ठेवतं, म्हणून डिस्क मध्येच गप्प झाली तरी काम तिथूनच पुढे सुरू. एवढा सोशिकपणा आपल्याला झेपणार आहे का?

तुम्ही आपली नक्कल उतरवणारी साधी डीडी कमांड घ्या. तिला ‘नोएरर’ (चूक आली तरी थांबू नको) सांगा, ‘सिंक’ (न वाचलेली जागा भरून काढ) मात्र हमखास विसरा. मग न वाचलेल्या जागी शून्यं भरली जात नाहीत, मागचा डेटा पुढे सरकून ती जागा बळकावतो आणि फाइल सिस्टिम लग्नाचे फोटो शोधत त्या पत्त्यावर गेली की दार भलताच कुणी उघडतो. आयएफ (कुठून वाचायचं) आणि ओएफ (कुठे लिहायचं) यांची अदलाबदल झाली तर सोन्याहून पिवळं: नवी कोरी डिस्क जुन्या डिस्कवर छापली जाईल. (यात बॅड सेक्टरचा प्रश्नच येत नाही.)

इमेज ठेवायला एफएटी32 या जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेली डिस्क निवडा. तिथे एका फाइलची मर्यादाच 4 जीबी, तेवढ्यावर काम आपोआप थांबतं, रात्रभर जागायला नको.

एवढं करूनही इमेज धड निघालीच, तर शेवटी 512 बाइटांचा फुटर (फाइलची ओळख सांगणारं शेपूट) जोडा, झाली विंडोजला डिस्कसारखी जोडता येणारी फिक्स्ड व्हीएचडी फाइल. 2040 जीबीच्या वर असेल तर तिचा मोठा भाऊ, व्हीएचडीएक्स. तिची दुसरी प्रत काढू नका, जागा वाया जाते. रीड-ओन्लीची खूणही करू नका, अविश्वास दिसतो. एकुलती एक फाइल थेट जोडा. विंडोज अदबीनं विचारेल, डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का?

हल्ली इतकं विचारतं कोण? हो म्हणा.